फोक्सवॅगन बीटलची घरगुती देखभाल व दुरुस्ती

फोक्सवॅगन बीटल या जर्मन मोटारीची नियमित देखभाल आणि बरीचशी दुरुस्ती मालकाने घरच्या घरी, मोजक्या हत्यारांनिशी करण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी, अमेरिका आदी देशांत रूढ झाली. या मोटारीची साधी यांत्रिक रचना आणि सामान्य वाचकासाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके ही या प्रथेची दोन प्रमुख कारणे होत. मात्र ज्या साधेपणामुळे ही दुरुस्ती सोपी झाली, त्याच साधेपणामुळे ठरावीक मुदतीत लक्ष देणेही अपरिहार्य ठरले.

पार्श्वभूमी

सर्वसामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार म्हणून फेर्डिनांड पोर्श यांनी १९३० च्या दशकात या गाडीचा आराखडा तयार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर वोल्फ्सबुर्ग येथील कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात असताना मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली नागरी उत्पादन सुरू झाले. पुढे ही गाडी अनेक देशांत तयार होऊ लागली. मेक्सिकोत ती ‘व्होचो’ आणि ब्राझीलमध्ये ‘फुस्का’ या नावांनी ओळखली जाते. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे तयार झाली. तोपर्यंत एकूण २,१५,२९,४६४ गाड्यांचे उत्पादन झाले होते.

रचना

बीटलचे इंजिन गाडीच्या मागील भागात असते. त्यातील चार सिलिंडर दोन-दोनच्या जोड्यांनी परस्परांसमोर आडवे बसविलेले असून ते हवेने थंड होतात. त्यामुळे रेडिएटर, पाण्याचा पंप व पाण्याच्या नळ्या यांची आवश्यकता नसते आणि त्यांतून उद्भवणारे बिघाडही टळतात. इंजिन गिअरपेटीला केवळ चार ठिकाणी जोडलेले असते. इंधनाची नळी, तारा व केबली सोडवून हे चार जोड मोकळे केले की जॅकच्या साहाय्याने इंजिन खाली उतरविता येते. चाकांवरील चारही मडगार्ड बोल्टने जोडलेले असल्यामुळे प्रत्येक मडगार्ड स्वतंत्रपणे बदलता येतो.

या रचनेला दुसरी बाजूही आहे. इंजिनात केवळ सुमारे २.५ लिटर तेल मावते आणि मूळ रचनेत कागदी फिल्टर नसून तारेची जाळी असते. हे तेल वंगणाबरोबरच इंजिन थंड ठेवण्याचेही काम करते. त्यामुळे तेल जुने झाले अथवा कमी पडले, तर त्याचा परिणाम लवकर दिसून येतो.

नियमित देखभाल

तेल बदलणे : साधारणतः दर ५,००० किलोमीटरला तेल बदलले जाते. इंजिन कोमट असताना तेल काढल्यास गाळ त्याबरोबर वाहून जातो. तळाची जाळी काढून स्वच्छ करतात व तिच्या दोन्ही बाजूंचे गॅस्केट नवे बसवितात. जाळीचे झाकण सहा लहान नटांनी आवळलेले असते. ते गरजेपेक्षा अधिक आवळल्यास आटे निघतात किंवा झाकण वाकते, आणि गळती थांबण्याऐवजी वाढते. जाळीत धातूचे चमकते कण आढळल्यास ते बेअरिंगच्या झिजेचे लक्षण असू शकते.

व्हॉल्व्हची फट जुळविणे : बीटलच्या देखभालीतील हे सर्वांत महत्त्वाचे काम मानले जाते. रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये अत्यल्प फट ठेवावी लागते. बहुतेक उत्तरकालीन इंजिनांत ती ०.१५ मिलिमीटर, तर काही जुन्या इंजिनांत ०.१० मिलिमीटर असते. इंजिन पूर्ण थंड असतानाच ती फीलर गेजने मोजतात. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणून त्यांची फट जुळवितात. त्यानंतर क्रँकशाफ्टची कप्पी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरविली की दुसऱ्या सिलिंडरची पाळी येते, आणि याच क्रमाने तिसरा व चौथा सिलिंडर पूर्ण होतो.

वापरामुळे ही फट कमी होत जाते. ती नाहीशी झाली तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर घट्ट टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः बैठकीवाटेच बाहेर जात असल्यामुळे असा व्हॉल्व्ह तापून जळतो, आणि त्याचे डोके तुटल्यास पिस्टनसह इंजिन निकामी होते. फट अधिक असेल तर टकटक असा आवाज येतो, परंतु फट कमी झाल्याची सूचना कोणताही आवाज देत नाही. म्हणूनच इंजिन शांत चालते यावरून ते सुस्थितीत आहे असे न मानता फट मुदतीनुसार मोजावी लागते. जुन्या इंजिनांत तेल थंड करणारा भाग हवेच्या मार्गात असल्यामुळे तिसरा सिलिंडर इतरांपेक्षा अधिक तापत असे. १९७१ च्या सुमारास हा भाग बाजूला हलविण्यात आला.

पट्टा : जनरेटरच्याच दांड्यावर थंड हवेचा पंखा बसविलेला असतो व दोन्ही एकाच पट्ट्याने फिरतात. पट्टा तुटल्यास दर्शनी पटलावर लाल दिवा लागतो. हा दिवा केवळ बॅटरी चार्ज होत नसल्याचे नव्हे, तर इंजिन थंड होण्याचे थांबल्याचेही चिन्ह ठरू शकतो. अशा वेळी गाडी तत्काळ थांबवावी लागते. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे १५ मिलिमीटर दबणे योग्य समजले जाते. कप्पीच्या दोन भागांमधील चकत्या कमी केल्या की पट्टा ताणला जातो. काढलेल्या चकत्या कप्पीच्या बाहेरील बाजूस लावून ठेवतात, म्हणजे त्या हरवत नाहीत.

प्रज्वलन : डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फट सुमारे ०.४० मिलिमीटर ठेवतात. ती बदलल्यास ठिणगी पडण्याची वेळही बदलते. म्हणून आधी पॉइंट आणि मग टायमिंग असा क्रम पाळला जातो.

सुरक्षितता

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. त्यासाठी भक्कम स्टँड वापरणे आणि जमिनीवरील चाकांना उटी लावणे आवश्यक असते. इंधनाच्या जुन्या, भेगाळलेल्या नळ्यांमुळे इंजिनाच्या कप्प्यात आग लागण्याचा धोका असतो. बॅटरी मागील आसनाखाली असल्याने तिच्यावरील झाकण नसल्यास आसनाच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकून ठिणगी पडू शकते. गाडीतील उबदार हवा एक्झॉस्टभोवतीच्या पेट्यांमधून येते. त्या गंजून फुटल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरू शकतो. ब्रेकच्या कामात किरकोळ चूकही प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे अनुभव नसलेल्याने ते जाणकाराकडून तपासून घेणे इष्ट असते. जर्मनीत वापरलेले इंजिन तेल विक्रेत्याने विकलेल्या प्रमाणात विनामूल्य परत घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

मार्गदर्शक पुस्तके व कार्यशाळा

अमेरिकेत जॉन म्यूर या अभियंत्याने १९६९ मध्ये ‘हाऊ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. यंत्रज्ञानाचा गंधही नसलेल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून त्यात प्रत्येक काम पायरीपायरीने व गप्पांच्या भाषेत सांगितले आहे. पीटर अ‍ॅशवॉन्डन यांची चित्रे हे त्याचे वैशिष्ट्य होय. जर्मनीत डीटर कोर्प यांची ‘येट्स्ट हेल्फे इष मिर सेल्ब्स्ट’ (आता मीच मला मदत करतो) ही पुस्तकमाला लोकप्रिय झाली. त्या देशात लिफ्ट व हत्यारांसह जागा तासाच्या भाड्याने देणाऱ्या स्वयंसाहाय्य कार्यशाळाही आहेत. गाडी घरी दुरुस्त केलेली असो वा कार्यशाळेत, जर्मनीत खाजगी मोटारीची ठरावीक मुदतीने तांत्रिक तपासणी करून घ्यावीच लागते. या तपासणीत ब्रेक, दिवे, सांगाडा व धूर यांची परीक्षा होते.

बदललेले स्वरूप

१९७४ साली आलेल्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये इंजिन पुढे गेले व ते पाण्याने थंड होऊ लागले. पुढील दशकांत इंधनपुरवठा, प्रज्वलन आणि ब्रेक यांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. युरोपीय संघात २००१ पासून पेट्रोलवरील नव्या मोटारींना दोषनिदानाची अंतर्गत यंत्रणा असणे सक्तीचे झाले. तिचे संकेतांक वाचणारे साधे उपकरण मालकालाही वापरता येते. परंतु संकेतांक बिघाड कोणत्या मंडलात आहे एवढेच दर्शवितो. तो तारेत आहे, जोडणीत आहे की सुट्या भागात, हे तपासूनच ठरवावे लागते. अनेक नवे भाग बसविल्यानंतर गाडीच्या संगणकात त्यांची नोंदही करावी लागते. दुरुस्तीविषयक माहिती स्वतंत्र कार्यशाळांनाही उपलब्ध व्हावी, यासाठी युरोपीय संघाने २००७ मध्ये नियम केले.

तेल, फिल्टर, वायपर, दिवे यांसारखी कामे आजही अनेक मालक स्वतः करतात. जुन्या बीटल गाड्यांची देखभाल मात्र मूळ पद्धतीनेच चालते. त्यांत बिघाडाची सूचना देणारा संगणक नसल्याने मुदत पाळणे, मोजमाप घेणे आणि केलेल्या कामाची वहीत नोंद ठेवणे ही जबाबदारी मालकाचीच राहते.