मालगाड्या शहराबाहेरून गेल्या, तर तुमच्या धंद्याचं काय?



पुणे ते लोणावळा या टप्प्यात रेल्वेच्या दोनच लाइन आहेत. एक जायची, एक यायची. मुंबई-पुण्याच्या एक्सप्रेस, दक्षिणेकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्या, १९७८ पासून धावणारी लोकल आणि मालगाड्या, सगळं याच दोन लाइनवर चालतं. म्हणून "मालगाड्या शहरातून नकोत, बाहेरून वळवा" ही मागणी पुन्हा पुन्हा होते. तळेगावपासून चाकणच्या बाजूने उरुळी कांचनपर्यंत नवी लाइन टाकायचा प्रस्ताव याच गरजेतून आला आहे.

आता तुम्ही म्हणाल, "सर, मला हार्डवेअरचं दुकान टाकायचंय, मला मालगाडीशी काय देणंघेणं?" देणंघेणं आहे. माल तुमच्या दुकानात किती रुपयांना पडतो आणि गोदाम कुठे घ्यायचं, हे दोन्ही निर्णय या वादाला जोडलेले आहेत. शिवाय "इथून रेल्वे जाणार आहे" एवढ्या एका वाक्यावर लोक भांडवलासाठी साठवलेला पैसा जमिनीत घालून बसतात. म्हणून दोन्ही बाजू नीट समजून घेऊ.

"बाहेरून न्या" म्हणणाऱ्यांचं काय बरोबर आहे?

पहिला मुद्दा वेळेचा. आपल्याकडे मालगाडीचा सरासरी वेग वर्षानुवर्षे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राहिला आहे. इंजिनात दम नाही म्हणून नव्हे. प्रवासी गाडी मागून आली की मालगाडीला बाजूच्या लाइनवर घेऊन थांबवतात, म्हणून. पुन्हा सुटली की एवढं वजन वेगात यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मागची लाइन अडून राहते. त्यात आपला बोरघाट! १ ला ३७ चा चढ. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. कर्जतला मागून जादा इंजिनं लावल्याशिवाय जड गाडी वर येत नाही. एकत्र चालण्यात लोकलचंही नुकसान आणि मालाचंही नुकसान. म्हणून तर देशात मालासाठी स्वतंत्र मार्ग बांधायला घेतले: दादरी ते जेएनपीटी १,५०६ किलोमीटर आणि लुधियाना ते सोननगर १,३३७ किलोमीटर.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. १० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरात १०६ डब्यांची मालगाडी घसरली. एका चाकाचं बेअरिंग तापून निकामी झालं, एवढंच कारण. पण गाडीत प्रोपेन होता आणि क्लोरीनचा टँकरही होता. दोन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडून जावं लागलं. नशिबाने कोणी दगावलं नाही. भर वस्तीतून धोकादायक माल न्यायचा म्हणजे काय जोखीम असते, ते त्या रात्री कळलं.

तिसरा मुद्दा फायद्याचा, आणि उदाहरण त्याच टोरांटोचं. कॅनेडियन नॅशनल या रेल्वे कंपनीने १९६५ मध्ये शहराच्या उत्तरेला, तेव्हा शेती असलेल्या भागात, मालासाठी मोठं यार्ड सुरू केलं आणि मालगाड्या तिकडून वळवल्या. त्यामुळे तलावाकाठच्या जुन्या लाइनवर जागा झाली आणि १९६७ मध्ये तिथे लोकलसारखी 'गो' ट्रेन सुरू झाली. उपनगरातून रोज वेळेत येणारा कामगार आणि ग्राहक मिळाला, तर शहरातल्या दुकानदाराला आणखी काय हवं?

मग विरोध करणाऱ्यांचं काय चुकतं?

फारसं काही चुकत नाही! त्यांचं गणित बघा.

एका मोठ्या मालगाडीला ५८ डबे. एका डब्यात ६५ टन धरले तरी ३,७७० टन माल झाला. दहा चाकी ट्रक कायद्याने साधारण १८ टन नेतो. म्हणजे एक मालगाडी रिकामी करायला दोनशेच्या वर फेऱ्या. माल उतरवायची जागा, म्हणजे गुडशेड, शहराजवळ असेल तर या फेऱ्या छोट्या असतात. ती तीस किलोमीटर लांब नेली तर तेच दोनशे ट्रक सोलापूर रोडला किंवा नगर रोडला येणार. रुळावरची गर्दी कमी करून रस्त्यावरची वाढवली, तर शहराने कमावलं काय?

दुसरं, नवी लाइन हवेतून जात नाही. ती कुणाच्या तरी बागायती जमिनीतून जाते. शहराच्या सोयीसाठी गावाने जमीन द्यायची, तर त्या गावाला काय मिळणार, हा प्रश्न रास्तच आहे.

आणि तिसरं, ज्याकडे दोन्ही बाजूंचं लक्ष नसतं: बाहेरची लाइन कायम बाहेर राहत नाही. टोरांटोत १९६५ साली जिथे शेतं होती, तिथे आज व्हॉन शहर उभं आहे. लांब कशाला, आपली दिवा-वसई लाइन घ्या. मुंबईच्या आत न शिरता मध्य आणि पश्चिम रेल्वे जोडणारी, मुख्यतः मालाची लाइन. आज भिवंडीपासून वसईपर्यंत तिच्या आजूबाजूला वस्ती वाढली आहे आणि तिथले लोक विचारतात, आमच्यासाठी प्रवासी गाड्या इतक्या कमी का? म्हणजे एका पिढीत फिरून तोच वाद!

माझं मत

हा वाद "आत की बाहेर" असा मांडला की उत्तर सापडत नाही. आधी माल दोन प्रकारांत वाटा.

एक माल असा, ज्याचं शहराशी काही काम नाही. बंदरातून निघाला, दक्षिणेत चालला, मध्ये पुणे लागलं. हा माल बाहेरूनच गेला पाहिजे. तो शहरातून नेण्यात शहराचा फायदा शून्य आणि त्रास पूर्ण.

दुसरा माल शहराचाच. बांधकामाचं सिमेंट, खतं, धान्य, लोणीच्या डेपोंचं इंधन. चिंचवडहून रेल्वेने बाहेर जाणाऱ्या गाड्याही यातच आल्या. या मालासाठी शहराच्या हाताशी एक-दोन चांगली गुडशेड राहिलीच पाहिजेत. सिमेंटचा रस्ता, शेड, रात्री उतरवायची सोय, हमालांना पाणी आणि बसायला जागा. ही यादी ठरल्याशिवाय कोणी "सगळं हलवा" म्हणत असेल, तर त्याचं बिल छोट्या दुकानदाराच्या नावावर फाटणार आहे हे लक्षात घ्या.

कसं, ते सांगतो.

तुमच्या मार्जिनचं गणित

छोट्या उद्योजकाचा माल अख्ख्या मालगाडीने येत नाही. तो ट्रान्सपोर्टच्या ट्रकने किंवा प्रवासी गाडीच्या पार्सल डब्यातून येतो. पार्सल डबा प्रवासी गाडीलाच असतो, त्यामुळे मालगाड्या वळवल्या तरी त्याला धक्का नाही. पण तुमचा होलसेलर मालगाडीवर अवलंबून असेल, तर फरक पडतो.

समजा, तुम्ही सिमेंट विकता. गुडशेडजवळच्या गोदामातून १०० पोती, म्हणजे ५ टन, आणायला टेम्पो ३,००० रुपये घेतो. पोत्यामागे ३० रुपये. गोदाम लांब गेलं, टेम्पो ४,५०० झाला. पोत्यामागे ४५. तुमचं मार्जिन पोत्याला २० रुपये असेल, तर त्यातले १५ गेले. भाव वाढवाल, तर ग्राहक समोरच्या दुकानात. न वाढवाल, तर दुकानाचं भाडं कशातून देणार?

त्यात डेमरेज आहे. ठरलेल्या वेळेत डबे रिकामे झाले नाहीत, तर रेल्वे डब्यामागे तासाचा दंड लावते. माल उतरवून शेडमध्येच पडून राहिला, तर व्हार्फेज वेगळं. लांबच्या गुडशेडला ट्रक अडकले, की हा खर्च होलसेलरवर येतो, आणि तो त्याच्या खिशातून भरत नसतो.

जागा घेण्याआधी एवढं तपासा

"नवी लाइन येतेय, गोदामाला सोनं येणार" असं कोणी सांगितलं, की शांतपणे तीन गोष्टी विचारा.

१. काम कोणत्या टप्प्यावर आहे? सर्वेक्षण, मग सविस्तर अहवाल, मग मंजुरी आणि निधी, मग भूसंपादन, मग बांधकाम. सर्वेक्षण झालेली प्रत्येक लाइन बांधली जात नाही. रेल्वे कायद्यातल्या कलम २०ए ची अधिसूचना गट क्रमांकांसह निघते. ती निघाली आहे का, हे तलाठी कार्यालयात किंवा भूसंपादन अधिकाऱ्याकडे विचारा. नाहीतर गोदामासाठी घेतलेला गट नेमका रुळाखाली जायचा.

२. गाडी थांबणार कुठे? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. शेजारून मालगाडी धडधडत गेली म्हणून धंदा होत नाही, फक्त झोप मोडते. धंदा होतो तो गुडशेड किंवा कार्गो टर्मिनल जिथे असतं तिथे. डिसेंबर २०२१ पासून गतिशक्ती कार्गो टर्मिनलच्या धोरणाखाली खासगी कंपन्याही टर्मिनल उभारू शकतात. तेव्हा लाइनचा नकाशा बघू नका, टर्मिनलची जागा बघा.

३. टर्मिनलपासून पक्का, रुंद रस्ता आहे का, आणि शहरात जड वाहनांना कोणत्या वेळी बंदी आहे?

भिवंडीचं उदाहरण लक्षात ठेवा. तिथली गोदामं काही नुसत्या रेल्वे लाइनमुळे वाढली नाहीत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, नाशिक हायवेवर आणि बंदराच्या आवाक्यात अशी ती जागा होती. २०१७ मध्ये जकात गेली तरी गोदामं राहिली, कारण तोवर रस्ते, हमाल, ट्रान्सपोर्टर, मेकॅनिक, अशी सगळी साखळी तयार झाली होती.

आणि ज्याच्याकडे मोठं भांडवल नाही, त्याला या साखळीतच जागा असते. टर्मिनल सुरू झालं की तिथे टेम्पो लागतात, पॅकिंग लागतं, टायरचं पंक्चर काढणारा लागतो, दीडशे माणसांचं जेवण लागतं. यासाठी जमीन विकत घ्यावी लागत नाही. काम सुरू होईपर्यंत थांबायची तयारी आणि तिथल्या माणसांशी ओळख लागते.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या शहरातल्या गुडशेडवर एकदा सकाळी जाऊन या. पुणेकर असाल तर खडकी किंवा लोणी, नाहीतर तुमच्या जवळचं. तीन गोष्टी वहीत लिहा: कोणता माल उतरतोय, तो कोणत्या भागात चाललाय आणि टेम्पोवाला फेरीचे किती घेतो. मग तुमच्या धंद्यातल्या एका वस्तूचं पोत्यामागचं किंवा खोक्यामागचं भाडं काढा. हा आकडा हातात आला, की मालगाड्या आत हव्यात की बाहेर, यावर तुमचं स्वतःचं मत तयार होईल. मग प्रभागाच्या बैठकीत किंवा व्यापारी संघटनेत ते मांडा. तिथे लोकलचा प्रवासी बोलतो, जमीन जाणारा शेतकरी बोलतो. छोट्या दुकानदाराची बाजू मात्र आकडे घेऊन मांडणारं कोणी नसतं.