सुट्टीत कंटाळा आला तर : काही बिनपैशाचे खेळ



परीक्षा संपल्या, निकाल लागले आणि उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली. पहिले चार दिवस उशिरापर्यंत झोपण्यात निघून जातात. पाचव्या दिवसापासून घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "आई, कंटाळा आला." मग हातात मोबाइल येतो आणि बॅटरी संपेपर्यंत तो खाली ठेवला जात नाही.

या विषयावर लिहिण्याचे आम्हाला एक कारण आहे. मागच्या सुट्टीनंतर आठवीतला एक मुलगा वर्गात अगदी गप्प दिसू लागला. जवळ बसवून विचारले तेव्हा कळले, की सुट्टीत त्याचे मित्र रोज कुठे ना कुठे जायचे. कधी सिनेमा, कधी पिझ्झा. दर वेळी दोन-तीनशे रुपये लागायचे. दोनदा त्याने घरी पैसे मागितले. तिसऱ्यांदा मागवेना, म्हणून मित्रांना सांगितले, "घरी पाहुणे आहेत." असे दीड महिना त्याच्याकडे पाहुणे होते! मित्र काही वाईट नव्हते, त्यांच्या लक्षातच आले नाही. आम्हाला मात्र आमचीही चूक जाणवली, कारण तो दीड महिना आपल्या शाळेच्या मैदानाला कुलूप होते.

म्हणून यंदा असे काही खेळ सांगत आहोत, ज्यांना एक रुपयाही लागत नाही.

सकाळी : सितोलिया

इंदूरच्या गल्ल्यांत ज्याला सितोलिया म्हणतात, तीच आपल्या आजीची लगोरी. सात चपटे दगड किंवा फरशीचे तुकडे मोठ्यावर लहान असे रचायचे. चेंडू नसेल तर जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून शिवून घ्यावा. तो लागतही नाही आणि शेजारच्या काकूंच्या खिडकीची काचही फोडत नाही.

दोन संघ करायचे. एका संघाच्या भिडूने ठरलेल्या रेषेवरून चेंडू मारून लगोरी पाडायची. प्रत्येकाला तीन संधी. लगोरी पडली की त्याच संघाने ती पुन्हा रचायची, आणि समोरच्या संघाने रचणाऱ्यांना चेंडू मारून बाद करायचे. सातवा दगड चढला की "सितोलिया!" असे ओरडायचे. डोक्यावर चेंडू मारायचा नाही, हा नियम आधीच ठरवून घ्यावा. या खेळात जोरात पळणारा जितका लागतो, तितकाच शांतपणे दगड रचणारा लागतो. त्यामुळे क्रिकेटमध्ये ज्याला नेहमी शेवटी घेतात, त्यालाही येथे मान मिळतो.

क्रिकेटबद्दल आम्ही वेगळे काय सांगणार? आपल्याच होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला होता, एवढी आठवण पुरे.

दुपारी : चंगापो

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीशीला पोहोचतो. दुपारी बाहेर जाण्याचे कारणच नाही. ओसरीवर खडूने पाच बाय पाच अशी पंचवीस घरे आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमधच्या घरात फुली मारा. ही पाच घरे सुरक्षित, तेथे सोंगटी मारता येत नाही. चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. बटणे, खडे, डाळीचे दाणे काहीही चालते.

फाशांसाठी दोन चिंचोके घ्या आणि घरच्या मोठ्यांकडून फोडून चार अर्धुके करून घ्या. ती हातात खुळखुळवून टाकायची. जितकी पांढरी बाजू वर, तितके दान. चारही पांढरी पडली तर चार, चारही काळी पडली तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा एक खेळी मिळते. आपल्या बाजूच्या फुलीतून निघून बाहेरच्या सोळा घरांत घड्याळाच्या उलट फिरायचे, मग आतल्या आठ घरांत घड्याळाच्या दिशेने, आणि शेवटी मधल्या घरात. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. हा खेळ आजीला बरोबर घेऊन खेळावा. तिला नियम विचारलेत तर ती स्वतःच येऊन बसेल, आणि बहुधा जिंकेलही.

काहीच साहित्य नसेल तेव्हा

गाण्याच्या भेंड्या सर्वांना माहीत आहेत. आमची एकच सूचना : एक फेरी हिंदीची, एक मराठीची. मराठी फेरीत 'ळ' आणि 'ण' आले की भांडण होते, कारण या अक्षरांनी आपल्याकडे शब्द सुरू होत नाहीत. म्हणून 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' धरावा. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. आमच्याजवळ जी मराठी उरली, तिच्यात अशा भेंड्यांचा आणि 'नाव-गाव-फळ-फूल'चा वाटा फार मोठा आहे. तुमच्या घरीही आता मराठी फक्त आजी-आजोबांशी बोलली जात असेल, तर हे खेळ जरूर खेळावे.

संध्याकाळी आणि रात्री

एखाद्या संध्याकाळी चार मित्रांनी घरच्या कोणा मोठ्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन राजवाड्यासमोर बसावे. आत जायला तिकीट लागते, बाहेरून पाहायला काही लागत नाही. मजले मोजा, सात भरतील. खालचे तीन दगडाचे आणि वरचे चार लाकडी कसे, ते ओळखा. १९८४ मध्ये या वाड्याचा मोठा भाग आगीत जळाला होता, तेव्हाच्या आठवणी घरी आजोबांना विचारा. प्रत्येकाने चित्र काढावे आणि मग चारही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. कोणालाही दुसऱ्यासारखे दिसलेले नसते.

माळव्याची रात्र प्रसिद्ध आहेच. मे महिन्यात आठ-साडेआठनंतर गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड करा. वर सप्तर्षी दिसतील, चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीच्या विरुद्ध बाजूचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढून ती दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या, तेथे ध्रुव सापडेल. तो फार तेजस्वी नसतो, तेव्हा घाई करू नका. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. इंदुरात ध्रुव क्षितिजापासून सव्वादोन मुठींवर असतो, कारण आपले गाव साधारण पावणेतेवीस अक्षांशावर आहे. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला आकडा तुम्ही आपल्या हाताने मोजला!

शेवटी दोन गोष्टी

पालकांना विनंती, की मुलांना पैसे देण्यापूर्वी त्यांना आपली ओसरी, गच्ची आणि आपला अर्धा तास द्यावा. मुलांना सांगणे, की कार्यक्रम ठरवताना असाच ठरवा, ज्यात कोणालाही घरी पाहुणे आल्याचे सांगावे लागणार नाही. एखादा मित्र चार दिवस दिसला नाही, तर फोन करण्यापेक्षा त्याच्या दारी जाऊन हाक मारा.

यंदा सुट्टीत शाळेचे मैदान रोज सकाळी ६ ते ८।। उघडे राहील. एक शिक्षक हजर असतील. पाण्याची बाटली आणि टोपी आपली आपण आणावी. सितोलियाचे दगड आम्ही जमवून ठेवले आहेत.

सुट्टी आनंदात जावो!