वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया आणि वेदनेचा बंदोबस्त



महोत्सवाच्या स्मरणिकेत जुन्या आठवणी, देणगीदारांची नावे आणि शुभेच्छा असावयाच्याच. परंतु घरोघरी कधी ना कधी उपयोगी पडेल असेही काही तीत असावे, ह्या हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे. उज्जैनच्या आपल्या मराठी मंडळींत वजन, गुडघे आणि रक्तातील साखर ह्या तिहींची चिंता एकत्र वाहणारी घरे आता थोडीथोडकी नाहीत. सकाळचे पोहे-जलेबी आणि रविवारचे तुपात बुडविलेले दाल-बाफले ह्यांवर सारा दोष ढकलून आपण मोकळे होतो. पण अतिस्थूलता हा केवळ जिभेचा दोष नसून तो एक रोग आहे. चरकाचार्यांनी ज्या आठ शरीरांची निंदित म्हणून गणना केली, त्यांत अतिस्थूल शरीरही आहे.

आपल्याच गावातील एक प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी येथे आले असता त्यांनी आपले खासदार श्री. अनिल फिरोजिया ह्यांना भर सभेत सांगितले की, जितके किलो वजन उतरवाल तितके हजार कोटी रुपये विकासकामांसाठी देऊ. फिरोजिया ह्यांनी आहार व व्यायाम ह्यांच्या बळावर त्याच वर्षी जूनपर्यंत सुमारे १५ किलो वजन उतरविले. खुद्द गडकरी ह्यांनी २०११ साली मुंबईस शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे वाटा दोन आहेत. पहिली ज्यांना साधते त्यांनी तीच धरावी. परंतु वजन फारच वाढलेले आहे, मधुमेह आवरत नाही, झोपेत श्वास अडतो, आणि वर्षानुवर्षे प्रयत्न करूनही काटा खाली येत नाही, अशांना डॉक्टर दुसरी वाट सुचवितात.

ती सुचविली की घरात पहिला प्रश्न निघतो तो एकच : “फार दुखेल का हो?” ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आम्ही यथाशक्ति प्रयत्न करीत आहो.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय

पूर्वीप्रमाणे सारे पोट उघडावे लागत नाही. बहुधा चार ते सहा लहान छिद्रे पाडून, पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून, दुर्बिणीच्या साहाय्याने काम होते. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात व उरलेल्या जठराची नळी होते. दुसऱ्या प्रकारात जठराची एक लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्यास जोडतात. ह्या दुसऱ्यास बायपास म्हणतात. छिद्रे लहान म्हणून दुखणेही मर्यादित असते, आणि पहिल्या एक-दोन दिवसांनंतर ते उतरणीस लागते.

माळव्याची अफू आणि तिचा धोका

वेदना मारण्याची विद्या जुनी आहे. सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास भोजन द्यावे आणि मद्याची सवय असणाऱ्यास मद्य पाजावे असे सांगितले. आज नियम अगदी उलट आहे. भुलेपूर्वी ठरलेले तास पोट रिकामे हवे, नाहीतर पोटातले फुप्फुसात जाण्याचे भय असते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे देण्यात आली आणि १८४७ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेव्हापासून शस्त्रक्रिया चालू असतानाचे दुखणे जवळजवळ संपले. नंतरचे दुखणे मात्र उरले.

त्यावरचे सर्वांत प्रबळ औषध आपल्या अंगणातले आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू जगाच्या बाजारात प्रसिद्ध होती. आजही नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूपासून औषधी द्रव्ये काढतात. मॉर्फिन हे त्यांतले मुख्य. मोठ्या वेदनेवर त्याच्यासारखा उतारा क्वचितच.

मग ते भरपूर का देऊ नये? कारण मॉर्फिन व त्याच्या जातीची औषधे वेदना जशी दडपतात तशीच मेंदूची श्वास घेण्याची आज्ञाही मंद करतात. स्थूल मनुष्यास बहुधा मोठ्याने घोरण्याची सवय असते, आणि पुष्कळांचा श्वास झोपेत मधूनमधून थांबतो. अशा माणसास हे औषध जास्त झाले तर गुंगीत श्वास अडून राहतो आणि रक्तातील प्राणवायू घसरतो. शिवाय मळमळ, बद्धकोष्ठ आणि अंथरुणावर पडून राहण्याची इच्छा हेही त्याचे गुण आहेत.

म्हणून आमची पहिली विनंती अशी की, भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याविषयी स्पष्ट सांगा. मनुष्यास स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. ते घरच्यांनीच सांगावयाचे. दिवसा पेंग येते काय, झोपेत दचकून जाग येते काय, झोपेच्या गोळ्या, दारू, तंबाखू चालते काय, हेही लाज न बाळगता सांगावे. घरी श्वासाचे यंत्र लावून झोपण्याची सवय असेल तर ते रुग्णालयात बरोबर न्यावे.

चौघांच्या खांद्यावरची पालखी

आजची रीत अशी की, एकाच औषधावर सारा भार टाकावयाचा नाही. श्रावणातील महाकाळाच्या सवारीची पालखी अनेकांच्या खांद्यावर चालते, त्यामुळे कोणा एकाचा खांदा मोडत नाही. तसेच हे आहे. छिद्रांच्या जागी किंवा पोटाच्या भिंतीत बधिर करणारे इंजेक्शन देतात. नियमित वेळेस पॅरासिटामॉल चालू ठेवतात. मूत्रपिंड धड असल्यास सूज उतरविणारे औषध थोड्या काळापुरते देतात. मळमळ होऊ नये म्हणून निराळे औषध देतात. इतके करूनही दुखले, तरच मॉर्फिनच्या जातीचे औषध थोड्या मात्रेत आणि नजरेखाली. लवकर बरे होण्याच्या पद्धतीची जी आंतरराष्ट्रीय सूत्रे ह्या शस्त्रक्रियेसाठी २०१६ मध्ये निघाली व २०२१ मध्ये सुधारली गेली, त्यांतही हेच तत्त्व आहे.

शुद्धीवर आल्यावर

परिचारिका विचारील, “शून्य ते दहापैकी किती दुखते?” तेव्हा खरा आकडा सांगावा. आमच्या ओळखीचे एक वयस्क गृहस्थ सहनशील म्हणून प्रसिद्ध होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी दुखत असूनही “काही नाही, ठीक आहे” असेच सांगितले. दुखते म्हणून खोल श्वास घेतला नाही, खोकला दाबला, पलंग सोडला नाही. तिसऱ्या दिवशी छातीत कफ साचून ताप भरला आणि घरी जाणे आठवड्याने लांबले. वेदनाशामक हे ऐषआरामासाठी नव्हे, तर श्वास घेता यावा आणि चालता यावे म्हणून असते. त्याच दिवशी काही तासांत आधार घेऊन चार पावले टाकली, तर पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचे भय कमी होते. खोकताना पोटावर उशी धरावी.

पोटावर शस्त्र आणि दुखतो खांदा, ह्याचे पुष्कळांना नवल वाटते. पोटात भरलेल्या वायूचा उरलेला अंश श्वासपटलास डिवचतो, आणि त्या पडद्याची मज्जा मानेतून येत असल्यामुळे दुखणे खांद्यात जाणवते. चालण्याफिरण्याने ते दोन-तीन दिवसांत जाते. घाईने पाणी प्याल्यासही छातीत कळ येते, म्हणून घोट लहान घ्यावा.

घरी आल्यावर

येथे घरच्यांची खरी कसोटी लागते. प्रत्येक घरात जुन्या गोळ्यांचा एक डबा असतो. गुडघ्यासाठी आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन त्यातून काढून प्रेमाने दिली जाते. बायपास झालेल्या रोग्यास ती घातक ठरू शकते, कारण नव्या जोडापाशी व्रण होऊन रक्त जाऊ शकते. तंबाखू व विडी-सिगारेटही तेच करतात. ही मनाई महिन्या-दोन महिन्यांची नसून बहुधा जन्माची असते. पुढे दात काढावयाचा असो की पाय मुरगळलेला असो, प्रत्येक डॉक्टरास ही शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे.

पॅरासिटामॉल त्या मानाने निर्धोक आहे, तरी प्रौढ माणसास चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये; यकृतात चरबी साचलेली असल्यास डॉक्टर आणखी कमी सांगतील. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा तेच असते, तेही मोजावे. मोठ्या गोळ्यांऐवजी पातळ औषध किंवा चूर्ण घ्यावे लागते. परंतु सावकाश विरघळणारी गोळी कधीही कुटू नये, कारण सारे औषध एकदम अंगात जाते. गुंगीच्या वेदनाशामकाबरोबर झोपेची गोळी किंवा मद्य घेऊ नये.

कोणती वेदना दडपू नये

रोज थोडी कमी होणारी वेदना ही बरे होण्याची खूण होय. वाढत जाणारी वेदना हा निरोप असतो. नाडी मिनिटाला १२० च्या वर, ताप, धाप, पोट ताठ, पिंढरीत सूज व ठणका, काळा शौच, ह्यांपैकी काहीही दिसल्यास गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालय गाठावे. टाक्यांतून गळती असेल तर पहिली खूण कित्येकदा धावणारी नाडीच असते. महिन्यांनंतर पोटात एकाएकी मुरडा आला, तर आतडे अडकले असेल किंवा भरभर वजन उतरल्यामुळे पित्ताशयात खडे झाले असतील. पायांत आग व मुंग्या येऊ लागल्या, तर जीवनसत्त्वांची उणीव झाली आहे काय हे पाहावे.

शेवटी एक गोष्ट. आजाऱ्यास भेटावयास जाताना लाडूंचा डबा नेण्याची आपली रीत आहे. ह्या रोग्याकडे मात्र रिकाम्या हातांनी जावे आणि त्याला बरोबर घेऊन अंगणात दहा मिनिटे चालावे. “एवढे खाऊन काय होते?” आणि “एवढे दुखले तर काय झाले?” हे दोन्ही प्रश्न त्याला विचारू नयेत. आपल्या न्यासाने इतकी वर्षे एकमेकांच्या दुःखाची विचारपूस करण्याचेच काम केले आहे. ही विचारपूस त्याच कामाचा एक भाग मानावी, एवढीच आमची नम्र विनंती.