मदतीत आपण पुढे, तयारीत मागे : बदलते हवामान आणि कोकणातली आपली घरे

२२ जुलै २०२१ ची पहाट चिपळूणकर आजही विसरलेले नाहीत. वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि बघता बघता दुकानेच्या दुकाने बुडाली. घरातले धान्य, मुलांचे दाखले, लग्नासाठी जमवलेले सामान, सगळे चिखलात गेले. त्याच दिवशी सावित्रीने महाड बुडवले आणि तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या होत्या. बापजाद्यांनी लावलेली झाडे दोन-चार तासांत गेली.

अशा वेळी आपण ‘अल्लाहची मर्जी’ म्हणतो आणि सबर करतो. सबर हवाच. पण हे का घडते आणि पुढच्या वेळी नुकसान कमी कसे करता येईल, हे समजून घेणेही आपलीच जबाबदारी आहे.

हवामान का बदलते आहे?

वीज, कारखाने आणि गाड्यांसाठी आपण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखे काम करतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. २०२४ हे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. मग पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. २२ जुलैच्या त्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. तिथेच उगम पावणारी सावित्री खाली महाडला येते, हे लक्षात घेतले की पुढचे सांगायला नको.

अरबी समुद्रात पूर्वी बंगालच्या उपसागरापेक्षा चक्रीवादळे बरीच कमी होत. आता हा समुद्रही तापला आहे. गरम पाण्यातूनच वादळाला ताकद मिळते. म्हणूनच ‘निसर्ग’नंतर वर्षभरात, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्याला घासून गेले.

कोकणातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आखातात नोकरीला आहे. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत ७५ वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस झाला, विमानतळावर पाणी साचले, तेव्हा इकडे घराघरांत फोन वाजत होते. इकडचे आणि तिकडचे आभाळ वेगळे नाही.

दोष कोणाचा?

हवेत आजवर साठलेल्या वायूचा मोठा वाटा अमेरिका-युरोपसारख्या श्रीमंत देशांचा आहे. भारतातल्या एका माणसाचा वाटा जगाच्या सरासरीपेक्षा बराच कमी आहे. पण सगळे त्यांच्या माथी मारून चालणार नाही. डोंगर आपल्याकडेच कापले गेले, जंगल आपल्याकडेच तुटले, नदीकाठी भराव टाकून इमारती आपणच उभ्या केल्या. डोंगरातली माती वाहून नदीत बसली आणि पात्र उथळ झाले. त्यात भरतीची वेळ आली की खाडीचे पाणी पुराला पुढे सरकू देत नाही. पाऊस आपल्या हातात नाही, पण त्या पाण्याला वाट ठेवणे आपल्या हातात आहे. पुरानंतर चिपळूणकरांनी साखळी उपोषण करून वाशिष्ठीतला गाळ काढण्याची मागणी लावून धरली, ती यासाठीच.

आपण काय करायचे?

पूर आला की आपल्या जमाती धावून जातात. मशिदी-मदरशांतून जेवण शिजते, तरुण मुले कंबरभर चिखलात उतरतात, समोरचा कोणत्या धर्माचा हे कोणी विचारत नाही. याचा आम्हाला अभिमान आहे. पण हीच एकजूट पूर येण्याआधी का दिसू नये?

प्रत्येक मोहल्ल्यात म्हातारी माणसे, आजारी, गरोदर बायका यांची यादी मे महिन्यातच तयार हवी. त्यांना कोण आणि कुठे हलवणार, हे ठरलेले हवे. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून साऱ्या वस्तीला इशारा देता येतो. मात्र त्यासाठी पोलीस आणि नगरपालिकेशी आधीच बोलून ठेवावे. घरची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवावीत. दुकानाचा विमा काढताना त्यात पूर धरला आहे का, हे वाचून पाहावे.

मशिदीच्या छपरावरचे पावसाचे पाणी विहिरीत सोडता येते. वुजूचे पाणी गटारात न घालवता झाडांना देता येते. पाण्याची नासाडी नको, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. नळ मात्र सुरूच ठेवतो! महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावर बनते, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी छपरावर सौर पॅनेल बसवावेत. घरांसाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. आणि वलीम्यात उरलेली डेगभर बिर्याणी कचऱ्यात कुजते तेव्हा त्यातूनही उष्णता वाढवणारा मिथेन वायू निघतो, हेही लक्षात ठेवू या.

नदीकाठी किंवा डोंगर कापून होणारे बांधकाम स्वस्त मिळते म्हणून तिथे घर घेऊ नका. आयुष्यभराची कमाई एका रात्रीत वाहून जाते.

पुढचा पावसाळा येणारच आहे. त्याआधीच्या एखाद्या जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटे थांबून एवढे तरी ठरवू या : आपल्या मोहल्ल्याची यादी कोण करणार?