वाड्यातले न्हाणीघर नव्याने आखताना

पुण्याच्या नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत पाण्याची कामे लाकडापासून लांब ठेवलेली असत. भांडी घासायची मोरी तळमजल्यावर, न्हाणी मागच्या अंगाला, बंब आणि घंगाळ तिथेच, आणि संडास तर मागच्या बोळाला लागून. वरच्या मजल्याची जमीन कडीपाटाची. म्हणजे तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर माती आणि सर्वांत वर कोबा किंवा शहाबादी फरशी. ही जमीन कोरडी राहील असे गृहीत धरूनच बांधलेली असते. माती पाण्यापुढे टिकत नाही, हे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांनी पाहिले; त्या पुरात मातीच्या भिंतींचे अनेक वाडे बसले. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधल्या गळतीने घडते तेच, पण सावकाश आणि नजरेआड. म्हणून अशा घरात बाथरूमची आखणी टाइल्सच्या दुकानात न करता सांडपाण्याच्या पाइपापासून सुरू करावी लागते.

पहिली पाहणी बाहेरून होते. मैल्याचा उभा पाइप कोणत्या भिंतीला आहे, खालचे चेंबर कुठे आहे आणि गटाराची पातळी किती, हे आधी मोजले जाते. मग खालच्या मजल्यावरून तुळया आणि कड्यांची दिशा पाहतात. कड्यांची भिंतीत गेलेली टोके टोकदार हत्याराने टोचून बघतात, कारण लाकूड कुजायला सुरुवात बहुधा तिथूनच होते. कुजलेली कडी बदलल्याशिवाय वर काहीही चढवत नाहीत.

यानंतर ढाळाचा हिशेब. चार इंची मैलापाइपाला मीटरमागे साधारण दोन सेंटिमीटर ढाळ लागतो. कमोड उभ्या पाइपापासून तीन मीटर लांब ठेवला तर ढाळाचे सहा आणि पाइपाच्या जाडीचे अकरा, असे सतरा सेंटिमीटर जमिनीतच जातात. स्लॅबच्या इमारतीत त्यासाठी बाथरूमचा स्लॅब खाली सोडतात. कडीपाटात ती सोय नाही. जमीन उचलावी, तर पाच बाय सात फुटांच्या खोलीत चार इंच जाडीच्या वीट-कोब्याचेच वजन सुमारे सहाशे किलो होते. त्यामुळे कमोड बाहेरच्या भिंतीलाच लावतात आणि तोही पी-ट्रॅपचा. त्याचा पाइप भिंतीतून सरळ बाहेर पडतो; एस-ट्रॅपसाठी मात्र जमिनीला भोक पाडावे लागते. जमिनीत उरतो तो फक्त नहाणी ट्रॅप आणि त्याचा लहान पाइप. भिंतीवर टांगायचा कमोड हवा असेल, तर त्याचा भार पांढऱ्या मातीच्या भिंतीवर न टाकता खाली टेकणाऱ्या लोखंडी चौकटीवर घेतात.

वाड्यात खोली खणांत मोजतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा. एका खणात बसणारी पाच बाय सात फुटांची खोली बाथरूम आणि संडास एकत्र करायला पुरते. सात फुटांची बाजू बाहेरच्या भिंतीला धरून वाटणी अशी होते: खिडकीकडची तीन फूट अंघोळीला, मधली अडीच फूट कमोडला आणि दाराकडची दीड फूट लहान बेसिनला. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना पंधरा इंच मोकळे राहतात, आणि पाच फूट रुंदीतून कमोड वजा जाता गुडघ्यांपुढे पावणेदोन फुटांहून अधिक जागा उरते. सगळे नळ आणि पाइप एकाच भिंतीला येतात. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी घसरून पडले तरी ते अडत नाही. आधाराचा दांडा कुठे येणार हेही आताच ठरवून त्यामागे लाकडी ठोकळा बसवतात, कारण मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही.

नळांची निवड टाकीच्या उंचीवर अवलंबून असते. टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. साधा शॉवर त्यावर चालतो. मोठा रेन शॉवर आणि बरेचसे एकदांडी मिक्सर मात्र पंपाशिवाय रडत चालतात. जुने गंजलेले लोखंडी पाइप काढून गरम पाण्याला सीपीव्हीसी घालतात. मातीच्या भिंतीत खोल खाचा पाडत नाहीत; पाइप भिंतीवरून नेऊन पुढे पातळ पडदी उभी करतात. गिझरला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक असतो.

वॉटरप्रूफिंग करताना जमीन आणि भिंत यांच्या सांध्यात गोलसर वाटा काढतात. थर भिंतीवर निदान फूटभर चढवतात. अंघोळीच्या जागी खांद्याच्या वर. मग ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी भरतात आणि ते किमान चोवीस तास ठेवतात. या काळात खालून फळ्यांवर हात फिरवून ओल तपासली जाते. ती नसेल तरच फरशी बसते. खरखरीत पृष्ठभागाची, ट्रॅपकडे मीटरमागे एक सेंटिमीटर ढाळ देऊन. पडदीने झाकण्यापूर्वी टेप लावून पाइपांचे फोटो काढून ठेवतात आणि ट्रॅपखालच्या सांध्यापाशी खालच्या छतात उघडता येईल अशी फळी ठेवतात. पुढे कधी ओल दिसली तर तपासणी त्या फळीपासून सुरू होते. वरची फरशी फोडावी लागत नाही.