थ्रेडिंग झालं, आता मेकअपही!

तुळशीची लग्नं लागली की आमच्या मावशीच्या पार्लरमध्ये नुसती झुंबड उडते. डोंबिवलीतल्या एका बिल्डिंगचा तळमजला, दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि भिंतीवर रेटकार्ड, एवढाच पसारा. पण गेली चौदा वर्षं आसपासच्या निम्म्या मुलींच्या आयब्रोज तिनेच केल्यात. ऑफिस सुटलं की लोकलमधून उतरून थेट तिच्या खुर्चीत येऊन बसणाऱ्या तर कितीतरी!

गंमत पुढेच आहे. याच मुली लग्न ठरलं की फेशियल, वॅक्सिंग, ब्लीच सगळं मावशीकडे करतात आणि मेकअपला मात्र बाहेरच्या आर्टिस्टला बोलावतात. मागच्या सीझनला तर दहावीच्या सेंडऑफपासून येणारी मुलगीही तशीच गेली. मावशीला ते लागलं. "अगं, तिला कुठलं क्रीम चालत नाही ते मला पाठ आहे. आणि मेकअप करणारी तिला त्याच दिवशी पहिल्यांदा बघणार!" मग हळूच म्हणाली, "एफडी मोडून कोर्स करू का गं?"

झालं! पुढचे दोन रविवार आम्ही दोघी वही-कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तुमच्याही ओळखीत अशी एखादी मावशी असेल, किंवा नोकरी सांभाळून वीकएंडला हे काम करायचं तुमच्याच मनात असेल, तर आमचा हा होमवर्क तुमच्या कामाचा आहे.

कोर्स नेमका कुठला?

पर्यायांना तोटा नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. पण त्यात केस, त्वचा, मेकअप असं सगळंच येतं. निम्मं काम आधीच येणाऱ्या मावशीसारखीला तेवढा वेळ काढणं कठीण. खासगी अकादम्यांमध्ये चार दिवसांच्या वर्कशॉपपासून काही महिन्यांच्या प्रोफेशनल कोर्सपर्यंत सगळं मिळतं, आणि फी काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. इथे एक फरक नीट समजून घ्या. 'सेल्फ मेकअप' शिकणं म्हणजे स्वतःचा एकच चेहरा रंगवणं. धंद्यासाठी मात्र दुसऱ्यांचे वेगवेगळे चेहरे हाताखालून जायला हवेत. सावळा, गोरा, तेलकट, कोरडा, पिंपल्सचे डाग असलेला, चाळिशी उलटलेला. म्हणून सर्टिफिकेटच्या फ्रेमपेक्षा एकच प्रश्न महत्त्वाचा. मॉडेलवर स्वतःच्या हाताने किती मेकअप करायला मिळतील?

आपल्या लग्नाचा सिलॅबस

आपल्याकडे नवरीचा मेकअप म्हणजे दिवसभराची परीक्षा. आदल्या दिवशीच्या हळदीचा पिवळेपणा त्वचेवर राहिला असेल तर फाउंडेशनची शेड चुकू शकते. होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा काजळ आणि मस्कारा वॉटरप्रूफच हवा. नथ जिथे टेकते तिथला बेस आधी निघतो. काही पांढऱ्या पावडरी आणि सनस्क्रीन फ्लॅशच्या फोटोत चेहऱ्यावर पांढरा थर दाखवतात. त्यामुळे ट्रायलच्या दिवशी फ्लॅश मारून एक फोटो काढायचाच! संध्याकाळी नऊवारी उतरून रिसेप्शनची साडी येते, म्हणजे टचअप, हेअरस्टाइल आणि साडी ड्रेपिंगही आलंच. कोर्समध्ये हे नसेल, तर तो कोर्स आपल्या कामाचा नाही.

मावशीची जमेची बाजू इथेच आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लीच करायचं नाही, अपरलिप्स दोन-तीन दिवस आधी उरकायच्या, नवं प्रॉडक्ट कानामागे लावून दिवसभर वाट बघायची, हे तिला कुणी शिकवायला नको.

ब्रश धुतलेत ना?

मेकअपमध्ये स्वच्छतेचा हिशेब थ्रेडिंगपेक्षा कडक आहे. एकीला लावलेली मस्काऱ्याची कांडी दुसरीच्या डोळ्याला लागली, तर इन्फेक्शन ठरलेलं. त्यामुळे डिस्पोजेबल कांड्या वापरायच्या, लिपस्टिक स्पॅच्युलाने पॅलेटवर काढून घ्यायची आणि प्रत्येक चेहऱ्यानंतर ब्रश स्वच्छ करायचे. डब्यांवरच्या तारखा बघायच्या. उघड्या डबीच्या चित्रात १२एम असं लिहिलं असेल, तर उघडल्यापासून बारा महिने. आणि हो, आपण ग्राहक म्हणून खुर्चीत बसतो तेव्हा हे विचारायला लाजायचं नाही!

खुर्ची हक्काची

मेकअप म्हणजे बायकांचंच काम, असं वाटतं ना? मुंबईच्या फिल्म इंडस्ट्रीत अनेक वर्षं उलटंच होतं. मेकअप आर्टिस्टांच्या संघटनेत बायकांना हेअरड्रेसर म्हणून कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्ट म्हणून नाही. चारू खुराणा आणि इतरांनी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी कोर्टाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. ही गोष्ट सांगितल्यावर मावशी वहीतून मान वर काढून म्हणाली, "बघ, त्यांना कोर्टात जावं लागलं. मला फक्त बँकेत जायचंय!"

बँकेतही एफडी मोडणं हा एकच रस्ता नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत छोट्या व्यवसायाला 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. खुर्ची, दिवे, किट यासाठी ते चालतं. पण किट एकदम भरू नका. फाउंडेशनच्या शेड्स आपल्या गिऱ्हाइकांच्या रंगाप्रमाणे घ्या, आणि दोन शेड्स मिसळून तिसरी करायला शिका.

फी भरण्याआधी विचारा

* मॉडेल कोण आणणार, आणि किती?
* बॅचमध्ये मुली किती?
* प्रॉडक्ट्सचा खर्च फीमध्येच आहे का?
* सावळ्या रंगावर मेकअप किती वेळा करून घेतात?
* कोर्सनंतर अडलं तर कुणाला विचारायचं?

शेवटी मावशीने एफडीला हात न लावता आठवड्यातून तीन दुपारी चालणारा कोर्स धरला. पहिली मॉडेल अर्थातच मी, ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला! पार्लरच्या पिवळ्या दिव्यात मी झकास दिसत होते. बाहेर उन्हात आले आणि मोबाइलमध्ये पाहिलं, तर चेहरा राखेसारखा. शेड माझ्या रंगापेक्षा चांगली दोन पायऱ्या गोरी! मावशी हिरमुसली, पण कापूस घेऊन सगळं पुसलं, मला दारातल्या उजेडात उभं केलं आणि जबड्याच्या कडेला तीन शेड्सच्या रेघा ओढल्या. तिसरी रेघ कातडीत दिसेनाशी झाली.

माझी लोकल चुकली. पण रेटकार्डावर आता एक नवी ओळ आहे, 'पार्टी मेकअप'. ब्रायडलची जागा तिने मुद्दाम कोरी ठेवली आहे. म्हणते, "आधी पन्नास चेहरे होऊ देत, मग लिहीन."