पाण्याच्या हद्दी

२६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर कुलाब्यास जेमतेम ७३. आणि एवढा विलक्षण पाऊस पाहिला म्हणजे मुंबईत शेकडो माणसांचा बळी घेणाऱ्या त्या प्रलयाचा सारा दोष आभाळाच्या माथी मारून मोकळे व्हावे, असा मोह कोणासही होईल. परंतु पाणी जेथे सर्वाधिक चढले ती ठिकाणे नकाशावर पाहिली, तर निराळीच हकीकत पुढे येते. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांचे पाणी घेऊन माहीमच्या खाडीस मिळणाऱ्या, सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या मिठी नदीला विमानतळापाशी आवळण्यात आले, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या मुखाजवळचे खाजण भरावाखाली गेले, कारखाने व वस्त्या थेट पात्रापर्यंत सरकल्या. आणि यांतील मोठमोठी कामे चोरून नव्हे, तर रीतसर मंजुरीने झाली, ही बाब मला सर्वांत चिंतेची वाटते.

मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तीही ओहोटीच्या हिशेबाने, आखलेली होती. मोठ्या भरतीस समुद्र पुष्कळशा पातमुखांच्या वर चढतो, तेव्हा पाण्याला बाहेर जाण्यास वाटच उरत नाही. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करावी आणि पंप बसवावेत, अशी शिफारस १९९३ सालच्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालात होती; तिच्या अंमलबजावणीस वेग आला तो मात्र त्या जुलैनंतर. पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथे उदंचन केंद्रे झाली, हिंदमाता परिसराचे पाणी साठविण्यासाठी भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या.

ही कामे आवश्यकच होती. तथापि हवा जितकी तापते तितकी अधिक बाष्प धारण करते, आणि तेच बाष्प थोडक्या तासांत कोसळू लागले असता पंपांची शक्ती कोठवर वाढवीत न्यावी, यास मर्यादा आहे. म्हणून भरतीचा जोर मंदावणारी कांदळवने, पावसाचे पाणी क्षणभर थोपवून धरणारी मैदाने आणि नाल्यांचे मोकळे काठ यांची गणना रस्ते व जलवाहिन्यांइतक्याच निकडीच्या नागरी सोयींत झाली पाहिजे. महापालिकेच्या मार्च २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात पुराच्या प्रश्नास स्वतंत्र स्थान आहे. परंतु जमिनीचा वापर ठरतो तो विकास आराखड्यात.

तेव्हा वाचकहो, आपल्या शहराच्या अशा आराखड्याचा मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला होईल, त्या वेळी स्वतःच्या भूखंडाआधी त्यात आपल्या भागातला ओढा शोधा. आणि तो सापडला नाही, तर मुदतीच्या आत लेखी हरकत दाखल करा.